आउटबोर्ड एंजिन : इंधनखप व शक्तिक्षय

होडीच्या मागच्या आडव्या फळीवर बाहेरून पकडीने बसविण्याचे, एंजिन, उभा दंड, दंतचक्रपेटी आणि पंखा एकाच जुळणीत असलेले प्रचालन यंत्र. सबंध यंत्रच डावी-उजवीकडे वळते, म्हणून वेगळे सुकाणू लागत नाही. लष्करात व आपत्ती-प्रतिसाद दलांत त्याला ‘ओबीएम’ (आउटबोर्ड मोटर) म्हणतात. होडीवाल्यांच्या बोलण्यात ते नुसते ‘मशीन’ असते. प्रस्तुत नोंदीत त्याची इंधनखप आणि शक्ती कमी पडण्याची कारणे यांचा, पुणे परिसरातील जलाशयांच्या संदर्भात, विचार केला आहे.

उगम : पहिले आउटबोर्ड कोणाचे याविषयी मतभेद आहेत. लोकप्रिय अमेरिकी वृत्तांत हा मान ओल एव्हिनरूड (१८७७–१९३४) या नॉर्वेत जन्मलेल्या व मिलवॉकीत कारखाना काढलेल्या यंत्रकारागिराला देतात. सरोवरापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्ही मारून तो दमला, आइस्क्रीम वाटेतच वितळले आणि त्यातून ही कल्पना निघाली, अशी १९०६ च्या सुमाराची गोष्ट सांगतात. ती आख्यायिका म्हणूनच वाचणे बरे. त्याचे सुमारे दीड अश्वशक्तीचे व २८ किग्रॅ. वजनाचे एंजिन १९०९ मध्ये बाजारात आले. पण त्याआधी, १९०५ च्या सुमारास, कॅमेरॉन वॉटरमन याने डेट्रॉइट येथे मोटारसायकलचे एंजिन होडीला लावून पाहिले होते आणि १९०७ मध्ये त्याला एकस्वही (पेटंट) मिळाले. ‘आउटबोर्ड मोटर’ ही संज्ञा बहुधा त्याचीच. याहून मागे गेले तर गुस्ताव्ह त्रूवे या फ्रेंच यंत्रज्ञाने १८८१ मध्ये पॅरिसला सेन नदीत सुकाणूच्या माथ्यावर विजेची मोटर बसवून होडी चालविली होती. ‘काढता येणारे आणि सुकाणूबरोबर वळणारे प्रचालन’ ही व्याख्या धरली, तर अग्रमान त्रूवेकडे जातो, आणि तीच व्याख्या अधिक सयुक्तिक दिसते. पेट्रोल एंजिनापुरते बोलायचे झाल्यास वॉटरमन आधीचा ठरतो. एव्हिनरूडचे श्रेय मांडणीचे आहे: आडवा सिलिंडर, उभा भुजादंड (क्रँकशाफ्ट) आणि पाण्याखालच्या पेटीतून पंख्याकडे वळविलेली गती. एंजिने कितीतरी मोठी झाली तरी ही मांडणी मुळातून बदललेली नाही.

इंधनखप : पेट्रोलवर चालणारे एंजिन पूर्ण रेसवर असताना दर अश्वशक्तीला तासाला सुमारे ०·३८ लिटर इंधन घेते, असा ढोबळ हिशोब आहे. त्यानुसार २५ अश्वशक्तीच्या एंजिनाला तासाला ९ ते १० लि. लागतात. हा आकडा फोर-स्ट्रोकला बऱ्यापैकी लागू पडतो. कार्बोरेटर असलेल्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण आत येत असताना जळालेला वायू बाहेर सोडणारे निष्कासद्वारही उघडेच असते, त्यामुळे २० ते ३० टक्के इंधन न जळताच बाहेर पडते आणि खप १२-१३ लिटरांवर जातो. पंख्याने खाल्लेली शक्ती साधारणपणे त्याच्या फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. फेरे ८० टक्क्यांवर आणले की शक्ती जवळजवळ निम्मी पुरते. रेस थोडी सोडल्यावर पेट्रोल एवढे कसे वाचते, याचे उत्तर येथे आहे.

प्रत्यक्षात मात्र होडीच्या बुडाचा आकार मध्ये येतो. पाण्यावर चढून घसरत धावणाऱ्या होडीला सर्वांत महाग पडते ती मधली अवस्था. नाक वर, शेपूट खाली, मागे मोठी लाट, आणि होडी ना धड तरंगत ना धड धावत. सुमारे १६ फूट पाणरेषेची होडी ताशी १० किमी.पर्यंत थोडक्या इंधनात जाते, त्यापुढे ती वर चढेपर्यंतचे पेट्रोल लाट उठविण्यात जाते. शक्ती थोडीशीच घटली की भरलेली होडी वर चढतच नाही. मग चालक रेस पूर्ण ठेवतो, होडी मधल्याच अवस्थेत अडकते आणि ‘मशीन पेट्रोल जास्त खाते’ व ‘मशीन ओढत नाही’ अशा दोन तक्रारी एकदम येतात. मूळ दोष एकच असतो.

शक्तिक्षयाचे निदान : पहिला प्रश्न फेऱ्यांचा. पूर्ण रेसवर फेरे नेहमीपेक्षा जास्त आणि वेग कमी असेल तर दोष पंख्याकडे पाहावा. फेरेच चढत नसतील तर एंजिन, इंधन किंवा भार यांच्याकडे. हे न पाहता आधी कार्बोरेटर खोलण्याची सवय सार्वत्रिक आहे आणि तिच्यात बहुतेक वेळा दिवस वाया जातो.

पंख्याच्या मध्यभागी धक्का झेलणारा रबरी तुंबा असतो. खडकावर आदळून तो सुटला की कमी रेसवर पंखा नीट फिरतो, जोर लागताच आतला दंड एकटा फिरतो. परीक्षा सोपी आहे. पंख्याच्या मागच्या तोंडाशी आतल्या धातूच्या नळीपासून बाहेरच्या कवचापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी, होडी जोरात फिरवून आणावी. रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोरून सरकले असतील तर तुंबा गेला. पंख्याची चाल, म्हणजे एका फेऱ्यात तो तत्त्वतः जेवढा पुढे सरकतो ते अंतर (पिच), तपासायची तर गणित करता येते. १३ इंच चालीचा पंखा, एंजिनाचे मिनिटाला ५,४०० फेरे व दंतचक्रांचे प्रमाण २:१ असेल, तर तत्त्वतः वेग ताशी ५३ किमी. येतो. पाण्यातली घसर १५ टक्के धरली की ४५. प्रत्यक्ष वेग याहून फारच कमी भरला तर पंखा वाकला आहे, त्याला काही गुंडाळले आहे किंवा एंजिन फळीवर फार उंच बसून पंखा हवा ओढतो आहे.

इंधनाच्या बाजूने सर्वांत वारंवार सापडणारी चूक म्हणजे टाकीच्या झाकणावरचा वायुछिद्राचा स्क्रू बंद राहणे. होडी दहा-पंधरा मिनिटे झकास चालते, मग मरगळते. नळीतला रबरी फुगा पाहावा: तो चपटा झाला असेल तर अडथळा त्याच्या मागे, टाकीकडे आहे. फुगा हाताने दाबत राहिल्यावर एंजिन पुन्हा जोर धरत असेल तर इंधनपंपाचा पातळ पडदा संशयास्पद. एक प्लग मेला असल्यास एकेक टोपी काढून पाहिली की कळते. मेलेल्या सिलिंडरची टोपी काढल्याने आवाजात फरक पडत नाही. संपीडन (कॉम्प्रेशन) मोजल्यास सिलिंडरांतील फरक साधारण १० ते १५ टक्क्यांच्या आत असावा. एंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार मागून जोराने पडते की नाही, हे सुरू करतानाच पाहायचे असते. आधुनिक एंजिने तापली की स्वतःच फेरे उतरवून घेतात. तो बिघाड वाटला तरी ते संरक्षण असते.

पुणे परिसर : येथील जलाशय समुद्रसपाटीपासून बरेच उंच आहेत. १८७९ च्या सुमारास पुरे झालेल्या खडकवासला धरणाची पाणपातळी सुमारे ५८० मी. उंचीवर आहे. तेथील हवा विरळ. मे महिन्यातल्या ४० से. तापमानाचा परिणाम त्यात मिळविला, तर किनाऱ्यावरच्या २५ से. हवेच्या तुलनेत घनता सुमारे ११ टक्क्यांनी कमी भरते आणि एंजिनाची शक्तीही जवळपास तेवढीच. मालवणला ४० अश्वशक्ती देणारे एंजिन येथे ३५-३६ च देईल. यावर उपाय जेटचा (कार्बोरेटरमधील इंधन सोडणाऱ्या बारीक छिद्राचा) नसून पंख्याचा आहे: चाल एक इंचाने कमी केल्यास फेरे १५० ते २०० ने वाढतात.

विरळ हवेत कार्बोरेटरचे मिश्रण श्रीमंत होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडते, म्हणून लहान जेट घालावा, असे परदेशी पुस्तिकांत असते. हा सल्ला येथे जपून घ्यावा. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे तेच मिश्रण उलट गरीब होते, आणि हे दोन दोष एकमेकांना काही अंशी कापतात. अशा पेट्रोलची ऊर्जा लिटरमागे शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असते, तेव्हा खपात तेवढी वाढ हा बिघाड नव्हे. अनेक उत्पादक मात्र १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य करतात. पावसाळाभर अर्धी रिकामी राहिलेली टाकी विशेष त्रासदायक, कारण इथेनॉल दमटपणा ओढते आणि एका मर्यादेनंतर पाण्यासह तळाशी बसते. इंधननळीचे तोंडही तेथेच असते. गाळणीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून थोडा वेळ ठेवले की खालचा वेगळा थर डोळ्यांना दिसतो.

मुळा-मुठा आणि पवनेच्या पात्रात, तसेच उजनीच्या फुगवट्यात जलपर्णी हे शक्तिक्षयाचे फार मोठे कारण आहे. तिची केसाळ मुळे पंख्याला वेढतात आणि पाणी आत घेण्याची जाळी झाकतात. सुरुवातीला फक्त धार बारीक होते. त्याच वेळी थांबून, एंजिन मागच्या गिअरमध्ये थोडे फिरवून मुळे झटकली तर भागते. नाही तर एंजिन बंद करून, वर उचलून जाळी हाताने साफ करावी लागते. तापलेल्या पाणीपंपाचा रबरी पंखा एकदा जळला की त्याचे तुकडे पुढच्या वाटांत अडकतात आणि नवा बसवूनही धार येत नाही.

उजनीत उन्हाळ्यात पाणी ओसरू लागले की इंदापूर तालुक्यात पळसदेवचे बुडालेले मंदिर वर येते. मंदिर दिसते; जुन्या गावांची जोती, विहिरींचे काठ आणि झाडांची खोडे मात्र हातभर पाण्याखालीच असतात. रबरी तुंबे तेथे सुटतात.