आध्यात्मिक शुष्कता (ख्रिस्ती साधनापरंपरा)

देवावरची श्रद्धा ढळलेली नाही, त्याला सोडून जावे असेही मनात नाही. पण प्रार्थनेला बसले की काहीच वाटत नाही, वचन वाचताना डोळे नुसते ओळींवरून फिरतात आणि देवाची ओढ आटून गेल्यासारखी होते. ख्रिस्ती साधनापरंपरेत या अवस्थेला आध्यात्मिक शुष्कता म्हणतात. विरहाहून ती वेगळी आहे. विरहात देव दूर असतो, पण तहान जागी असते. बायबलमधील ४२ व्या स्तोत्रातली हरिणी पाण्यासाठी व्याकूळ झालेली आहे. शुष्कतेत ती व्याकुळताच उरत नाही. त्यामुळे येथला पेच अधिक कठीण. प्रभूच्या ठायी आनंद करा, असे शास्त्र सांगते. आनंद तर कुणाच्या सांगण्याने होत नाही. मग ज्याला त्या आनंदाची इच्छाही होत नाही, त्याने काय करायचे? चौथ्या शतकातील इजिप्तच्या वाळवंटापासून विसाव्या शतकातील कोलकात्यापर्यंत अनेक साधकांनी या प्रश्नाशी झुंज घेतली. त्यांच्या लिखाणातून एक गोष्ट पुनःपुन्हा वर येते : ओढ नसल्याची खंत ज्याला वाटते, त्याची ओढ मेलेली नसते.

बायबलमधील आधार

स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांमध्ये विलापाची आणि तक्रारीची स्तोत्रे पुष्कळ आहेत. ५१ व्या स्तोत्राचा कर्ता देवाकडे हरवलेला आनंद परत मागतो. तो मागावा लागतो, आपला आपण निर्माण करता येत नाही, हे त्याने ओळखलेले आहे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी विश्वासाकडे वळतात. ८८ वे स्तोत्र वळत नाही, ते अंधाराच्या उल्लेखावरच थांबते. तरीही ते उपासनेच्या संग्रहात राहिले. कोरड्या मनाने बसलेल्या माणसाला यासारखा दिलासा नाही, कारण देवापुढे केलेली असली तक्रारही येथे प्रार्थना म्हणून स्वीकारली गेली आहे.

हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील वचने या संदर्भात नेहमी आठवली जातात. अंजिराला फुलोरा नाही, वेलीला द्राक्षे नाहीत, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत. तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे संदेष्टा म्हणतो. सगळे रिकामे असल्याची यादी आधी पुरी करून मगच तो ‘तरी’ म्हणतो. त्याच्या आनंदाला मनाच्या उभारीचा आधार नाही; आधार आहे तो परमेश्वर जसा आहे तसाच राहील या भरवशाचा.

वाळवंटातील साधक

या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन इव्हाग्रिअस (सु. ३४५–३९९) यांनी केले. कॉन्स्टँटिनोपलमधले नावाजलेले जीवन सोडून ते इजिप्तमध्ये आले आणि नाईलच्या मुखप्रदेशाजवळील नित्रिया व केलिया येथील एकांतवासी साधकांमध्ये राहिले. साधकाला छळणाऱ्या आठ विचारांपैकी सर्वांत जड विचाराला त्यांनी ‘अकेडिया’ (साधनेचा उबग, निरुत्साह) म्हटले. हा माध्यान्हीचा सैतान सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दुपारी दोनपर्यंत साधकाला घेरून असतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा झाला आहे, असे वाटू लागते. साधक सारखा खिडकीशी जातो, खोलीबाहेर येऊन जेवणाची वेळ किती दूर आहे ते पाहतो, कुणी भेटायला येतो का याची वाट बघतो. मग त्याला आपल्या जागेचा, कामाचा वीट येतो. इथे कुणाला कुणाचे प्रेम नाही, देवाला तर कुठेही भजता येईल, असे वाटू लागते. हे वर्णन सोळा शतकांपूर्वीचे आहे, पण कोरड्या मनाच्या हालचाली त्यात इतक्या नेमक्या टिपल्या आहेत की वाचणारा स्वतःला ओळखतो.

इव्हाग्रिअस यांचा सल्ला साधा होता : खोली सोडू नको, हाताचे काम चालू ठेव, स्तोत्रातले एखादे वचन धरून बस. इजिप्तच्या वाळवंटातील आद्य साधकांपैकी एक, संत अँथनी यांच्याविषयीची एक आख्यायिकाही हेच सांगते. वाळवंटात ते असेच खचून बसले असता त्यांना आपल्यासारखाच एक मनुष्य दिसला. तो बसून दोरी वळत होता, थोड्या वेळाने उठून प्रार्थना करत होता, पुन्हा बसून दोरी वळत होता. तो देवदूत होता. “असे कर, म्हणजे तरशील,” एवढेच अँथनींना ऐकू आले. मनाला कसे वाटावे याविषयी त्या दर्शनात एक अक्षर नाही. आहे ते फक्त हातांनी काय करावे आणि कधी उठावे याविषयी.

जॉन कॅशियन (सु. ३६०–४३५) यांनी ही शिकवण दक्षिण फ्रान्समधील मठांत नेली. पुढे पोप ग्रेगरी पहिले (कार्यकाळ ५९०–६०४) यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली : देहाची सुखे मिळण्याआधी हवीशी वाटतात आणि मिळाली की त्यांचा वीट येतो, आत्म्याची सुखे मात्र मिळाल्याशिवाय हवीशीच वाटत नाहीत. इच्छा झाली की मग देवाकडे जाऊ, असे म्हणणारा माणूस म्हणूनच थांबून राहतो. तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांनी अकेडियाची गणना प्रीतीतून येणाऱ्या आनंदाच्या विरुद्ध उभ्या असलेल्या दुःखात केली. पुढच्या काळात तिला सरसकट ‘आळस’ म्हटले जाऊ लागले, आणि त्या सोपेपणात इव्हाग्रिअस यांची सूक्ष्मता हरवली.

इग्नेशियस यांचे नियम

येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांच्या आध्यात्मिक साधनेचे पुस्तक १५४८ मध्ये छापले गेले. त्यात मनाच्या भरतीला सांत्वन आणि ओहोटीला विषण्णता मानून दोन्ही काळांत कसे वागावे याचे नियम दिले आहेत. विषण्णतेत कोणताही निर्णय बदलू नये, हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध नियम. आधी शांत मनाने जे ठरवले होते त्यावर ठाम राहावे, कारण कोरडे मन चांगला सल्लागार नसते. ही अवस्था का येते याची तीन कारणे ते देतात : साधनेतली आपली हयगय, आपली परीक्षा, आणि भक्तीचा उमाळा ही देवाची देणगी आहे, आपली कमाई नव्हे, याची जाणीव. म्हणजे शुष्कता आली की ती पापाची शिक्षाच असली पाहिजे असे नाही. तासभर प्रार्थनेचा नेम असेल आणि मन उठून जायला सांगत असेल तर तासाहूनही थोडे अधिक बसावे, असेही ते सुचवतात. कोरडेपणा माणसाकडून वेळ कमी करून घेऊ पाहतो. त्याला उलट बाजूने उत्तर द्यायचे.

कार्मेलचे दोन संत

या विषयावरचे सर्वांत खोल चिंतन सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये झाले. कार्मेल या कॅथलिक संन्यासी संघातील, अव्हिलाच्या संत तेरेसा (१५१५–१५८२) यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे की कित्येक वर्षे प्रार्थनेला बसल्यावर त्यांचे लक्ष देवापेक्षा तासाचे टोले कधी पडतात इकडे असे. अठरा वर्षे त्यांना हाताशी पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसायचा धीर होत नसे. ज्यांना पुढे प्रार्थनेच्या आचार्य म्हणून मान मिळाला, त्यांचे हे शब्द आहेत.

याच ग्रंथात त्यांनी प्रार्थनेच्या पायऱ्या बागेला पाणी घालण्याच्या रूपकातून समजावल्या. पहिल्या पायरीवर माळी विहिरीतून हाताने पाणी शेंदतो; दुसरीवर रहाट येतो, श्रम कमी होतात आणि पाणी वाढते; तिसरीवर ओढ्याचे पाणी बागेत खेळते; चौथीवर पाऊस पडतो आणि माळ्याला काहीच करावे लागत नाही. पण खरा प्रश्न तेरेसा पहिल्याच पायरीवर विचारतात. माळी रोज पोहरा सोडतो आणि तो रिकामाच वर येतो, विहीर कोरडी आहे; अशा वेळी त्याने काय करावे? तेरेसांचे उत्तर असे : त्याने आनंद मानावा, एवढ्या थोर सम्राटाच्या बागेत आपल्याला काम मिळाले यातच समाधान मानावे. बाग मालकाची आहे, पाणी देणे त्याच्या हाती आहे, आणि माळी स्वतःच्या सुखासाठी नव्हे, मालकाला संतोष व्हावा म्हणून राबतो आहे. ओढ नसताना आनंद कसा शोधावा याचे यापेक्षा थेट उत्तर या परंपरेत क्वचितच सापडेल. पाणी आले तरच आनंद, ही अटच येथे सुटून जाते.

तेरेसा व्यवहारीही होत्या. पुष्कळदा शुष्कतेचे कारण देहाचे अस्वास्थ्य असते, तेव्हा जिवाला ओरबाडू नये, प्रार्थनेची वेळ बदलावी, चार चांगल्या गोष्टी बोलाव्यात, मोकळ्या रानात जाऊन यावे, असे त्या सांगतात.

त्यांचे सहकारी क्रूसभक्त संत जॉन (१५४२–१५९१) यांना कार्मेल संघाच्या सुधारणेला विरोध करणाऱ्या संघबंधूंनीच डिसेंबर १५७७ मध्ये तोलेदोच्या मठात कोंडले. सुमारे नऊ महिन्यांनी, ऑगस्ट १५७८ मध्ये, ते तेथून निसटले. अंधारी रात्र या त्यांच्या कवितेवर त्यांनी स्वतः लिहिलेल्या भाष्यात शुष्कतेची पारख करणारी तीन चिन्हे दिली आहेत. एक, देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही आणि जगाच्या गोष्टींतही वाटत नाही. दोन, आपण देवाची सेवा करत नाही, मागे पडत आहोत, याची मनाला सतत बोच लागलेली असते. तीन, पूर्वीसारखे कल्पनेने, विचाराने ध्यान करता येत नाही. तिन्ही एकत्र असतील तर ती घसरण नसून देव साधकाला अधिक खोल, निःशब्द प्रीतीकडे नेत आहे, असे जॉन मानतात. यांत दुसरे चिन्ह निर्णायक आहे. ज्याची भक्ती खरोखर थंडावली आहे त्याला कसली बोचच नसते. तो निवांत असतो. पहिले चिन्ह केवळ उदास प्रकृतीमुळेही दिसू शकते, हेही जॉन स्पष्ट करतात. अशा साधकाने धडपडून जुना उमाळा ओढून आणू नये; देवाकडे प्रेमाने लक्ष लावून स्वस्थ राहावे, काही घडत नाहीसे वाटले तरी.

प्रॉटेस्टंट विचार

इंग्लंडमधील वेस्टमिन्स्टर येथे भरलेल्या प्रॉटेस्टंट धर्मसभेच्या लघु प्रश्नोत्तरावलीच्या (१६४७) पहिल्याच उत्तरात देवाचे गौरव करणे आणि सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद मानणे हे मानवाचे मुख्य ध्येय सांगितले आहे. त्यामुळे या परंपरेत आनंदाचा अभाव ही किरकोळ बाब राहत नाही. त्याच सभेच्या विश्वासनाम्यात, खऱ्या विश्वासणाऱ्याचीही तारणाची खात्री काही काळ डळमळू शकते, असे नमूद आहे. देवाने लावलेले बीज मात्र नष्ट होत नाही. इंग्लंडमधील प्युरिटन (कडक सुधारणावादी प्रॉटेस्टंट) धर्मोपदेशकांनी कोरड्या मनाला स्वतःची नाडी तपासत बसण्यापेक्षा ख्रिस्ताकडे पाहायला शिकवले.

मदर तेरेसा आणि पुण्यातील एक धर्मशास्त्रज्ञ

मदर तेरेसा (१९१०–१९९७) यांची पत्रे २००७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला धक्का बसला. कोलकात्यात दीनांची सेवा सुरू केल्यानंतरची त्यांची बहुतेक वर्षे आंतरिक अंधारात गेली होती. १९५८ मध्ये काही आठवडे तो दूर झाला, आणि पुन्हा परतला. त्यांची अवस्था नेमकी शुष्कतेची होती असे मात्र म्हणवत नाही. त्यांची देवासाठीची तहान अखेरपर्यंत तीव्र होती. हरवली होती ती त्याच्या सान्निध्याची जाणीव.

या अंधाराचा अर्थ लावायला त्यांना मदत केली ती पुण्यात अध्यापन करणारे ऑस्ट्रियन येशूसंघीय धर्मशास्त्रज्ञ योसेफ नॉयनर (१९०८–२००९) यांनी. १९६१ च्या सुमारास मदर तेरेसांनी त्यांच्यापुढे मन उघड केले. नॉयनर यांनी सांगितले की या अवस्थेवर मानवी उपाय नाही, म्हणून तिचा दोषही त्यांच्याकडे नाही. येशू जवळ असल्याचे जाणवणे हा त्याच्या जवळ असण्याचा एकमेव पुरावा नव्हे, त्याची तळमळ लागणे हीच त्याच्या गुप्त उपस्थितीची खूण आहे. आणि हा अंधार त्यांच्या सेवेचाच भाग आहे. त्यानंतर मदर तेरेसांनी त्यांना लिहिले की अकरा वर्षांत प्रथमच आपण या अंधारावर प्रेम करू लागलो आहोत. अंधार गेला नाही. त्याच्याशी असलेले नाते बदलले.

शुष्कता आणि आजार

हा भेद जुन्या लेखकांनीही जपला होता आणि आज तो अधिक काळजीने जपायला हवा. झोप उडणे, भूक जाणे, कोणत्याच कामात रस न वाटणे, जगणे नकोसे होणे ही नैराश्याच्या आजाराची लक्षणे असू शकतात. अशा माणसाला आणखी प्रार्थना कर एवढेच सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला डॉक्टरांकडे नेले पाहिजे. सतराव्या शतकातील प्युरिटन पाळक रिचर्ड बॅक्स्टर खिन्न मनाच्या लोकांना एकटे राहू नका, लांबलचक एकांत चिंतन टाळा, हाताला काम द्या आणि औषध घ्या, असेच सांगत. इंग्रज कवी विल्यम कूपर (१७३१–१८००) आजारामुळे देवाने आपल्याला टाकले आहे अशा समजुतीत बुडाले, तेव्हा त्यांचे स्नेही धर्मगुरू जॉन न्यूटन यांनी वर्षाहून अधिक काळ त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. उपदेशापेक्षा ही सोबत मोलाची होती.

मराठी ख्रिस्ती परंपरेत

येशूसंघाचे फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याला पोहोचले, आणि त्या संघाबरोबर इग्नेशियस यांची साधनापद्धतीही पश्चिम किनाऱ्यावर आली. पण शुष्क काळात उपयोगी पडणारी स्वतःची मराठी वाणी या समाजाला मिळाली ती मुख्यतः नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्यामुळे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. तुकोबांच्या करुणापर अभंगांत मन थाऱ्यावर राहत नसल्याची कबुली आणि त्याच तोंडाने देवाशी भांडण, दोन्ही आहेत. ती सलगी टिळकांनी ख्रिस्तभजनांत आणली. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनीही तुकोबांच्या ईश्वरानुभवावर संशोधन केले आहे. मराठी मंडळ्यांमध्ये टिळकांची गीते आजही उपासनेत गायली जातात. ज्याला त्या दिवशी स्वतःचे शब्द सुचत नाहीत, तो शेजारच्या आवाजात आवाज मिसळून ती म्हणतो.