ट्रक ड्रायव्हर उंच बसतो, म्हणून त्याला सगळं दिसतं?

‘ट्रकवाला एवढा उंच बसतो, त्याला सगळं दिसतं, तू आपली डावीकडून सायकल काढ.’ गोव्यात फोंडा, सावर्डे, कुडचडे, कुठेही हा सल्ला ऐकू येतो. तो चुकीचा आहे, आणि चूक त्या उंचीतच आहे.

उंचावरून लांबचं छान दिसतं. केबिनच्या अगदी पुढचा आणि दाराखालचा पट्टा मात्र नजरेआड जातो. त्यात आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे डाव्या बाजूला सगळी भिस्त आरशांवर. सकाळी पावाची टोपली बांधून निघालेला पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, डाव्या दाराशी उभा राहिला, तर तो टोपलीसकट खिडकीच्या कडेखाली गायब होऊ शकतो.

खरा घात वळणावर होतो. टिपर डावीकडे वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, आतून कापत येतात. आणि अरुंद नाक्यावर लांब गाडीला डावीकडे वळण्याआधी जरा उजवीकडे घ्यावं लागतं. सायकलवाल्याला वाटतं, जागा दिली! नेमक्या त्याच जागेवरून मागची चाकं येतात.

म्हणून मागेच थांबा, आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसेल एवढ्या अंतरावर. चेहरा दिसला म्हणजे त्याने बघितलंच, असंही नाही. घंटीवर विसंबू नका. इंजिनाच्या घरघरीत ती कुठली ऐकू येणार! ड्रायव्हरनेही इंडिकेटर वळण्याआधीच द्यावा आणि क्लीनरला डाव्या खिडकीतून खाली बघायला सांगावं. क्लीनर नसेल तर वळण अगदी सावकाश घ्यावं, आरसा पुन्हा पुन्हा बघत.