विद्यापीठांतील वक्तृत्वशास्त्र व संज्ञापन अभ्यासक्रम

समोरच्याला पटेल असे बोलणे-लिहिणे कसे घडते हे तपासणारे आणि ते शिकवणारे विद्यापीठीय अभ्यासक्रम. या विद्येला, म्हणजे इंग्रजीतल्या ‘रेटॉरिक’ला, मराठीत कधी वक्तृत्वशास्त्र, तर कधी अलंकारशास्त्र म्हणतात. दोन्ही शब्द तोकडे आहेत: पहिल्यात लेखन मावत नाही, दुसऱ्यात युक्तिवाद.

हा विषय विद्यापीठांहून जुना आहे. इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्समध्ये आयसॉक्रेटीसची शाळा मुख्यतः यासाठीच चालत असे. मध्ययुगीन युरोपीय विद्यापीठांत व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही विद्यार्थ्याची पहिली तीन शास्त्रे होती. रोमन परंपरेने वक्तृत्वाची पाच अंगे मानली: मुद्द्यांचा शोध, मांडणी, शैली, स्मरण व सादरीकरण. सोळाव्या शतकात पीटर रेमस या फ्रेंच विद्वानाने पहिली दोन तर्कशास्त्राकडे सोपवली. स्मरण वेगळे अंग राहिले नाही. वक्तृत्वाकडे उरले शैली आणि सादरीकरण. विचार एका खात्यात आणि शब्द दुसऱ्या, अशी ही वाटणी. वक्तृत्व म्हणजे शब्दांचा फुलोरा, हा समज रुजण्यात तिचा वाटा मोठा आहे.

विषयाची पुढची घसरण हार्वर्ड विद्यापीठातील वक्तृत्वाच्या बॉयल्स्टन अध्यासनावरून, म्हणजे खास प्राध्यापकपदावरून, दिसते. १८०६ मध्ये त्यावर पहिले आले जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले. १८५१ मध्ये फ्रान्सिस चाइल्ड आले. त्यांचा जीव जुन्या लोकगाथांत. विद्यार्थ्यांचे निबंध तपासणे त्यांना नकोसे होते. १८७६ मध्ये त्यांना इंग्रजीचे प्राध्यापकपद मिळाले आणि त्या जाचातून ते सुटले. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच अध्यासनावर शेमस हीनी हे आयरिश कवी होते. अध्यासनाच्या नावात ‘वक्तृत्व’ मात्र कायम राहिले.

साहित्य मानाचे आणि लेखन शिकवणे कष्टाचे, ही विभागणी तेव्हापासून चालत आली. हार्वर्डने प्रवेशपरीक्षेत निबंध आणला. पुढे पहिल्या वर्षाचा सक्तीचा लेखनवर्ग अमेरिकाभर पसरला. हा वर्ग बहुधा कंत्राटी शिक्षक किंवा संशोधक विद्यार्थी घेतात. मिशिगनमध्ये फ्रेड न्यूटन स्कॉट यांनी १९०३ पासून वक्तृत्वाचा स्वतंत्र विभाग चालवला, पण त्यांच्या निवृत्तीनंतर काही वर्षांतच तो इंग्रजीत विलीन झाला. सर्वांना लागणारा विषय कोणाचाच नसतो, असे इथे म्हणावेसे वाटते.

भाषण शिकवणाऱ्यांनी वेगळी वाट धरली. इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेतून १९१४ मध्ये सतरा जण बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. आजची नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन ती हीच. दुसऱ्या महायुद्धानंतर विल्बर श्रॅम यांच्यासारख्या अभ्यासकांनी प्रचार, वृत्तपत्रे आणि रेडिओ यांच्या परिणामांची मोजदाद सुरू केली. त्यातून संज्ञापन, म्हणजे माहिती-विचारांच्या देवाणघेवाणीचा अभ्यास, सामाजिक शास्त्रांच्या पंगतीत गेले. परिणामी एकाच विद्यापीठात निबंध इंग्रजी विभागात, भाषण संज्ञापन विभागात, बातमी पत्रकारितेत आणि अहवाललेखन व्यवस्थापनशाखेत शिकवले जाते. चारही ठिकाणचे शिक्षक ‘वाचकाचा विचार करा’ असेच सांगतात, पण एकमेकांची पुस्तके क्वचितच वाचतात.

ही फाटाफूट का खटकते, ते वर्गातल्या एका सरावातून कळते. मागणी एकच: ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे राहावे. तिचे एक पत्र ग्रंथपालाला, एक वित्त अधिकाऱ्याला आणि एक विद्यार्थ्यांना लिहायचे. बहुतेकांच्या पहिल्या खर्ड्यात तिन्ही पत्रे जवळपास सारखीच असतात. बदलतो तो फक्त मायना. दुसऱ्या खर्ड्यात ग्रंथपालाच्या पत्रात पाळ्यांचे वेळापत्रक येते, वित्त अधिकाऱ्याच्या पत्रात विजेचा आणि पहारेकऱ्याचा खर्च. मुद्द्यांचा शोध तो हाच, रेमसने तर्काच्या खात्यात टाकलेला.