सच्छिद्रता आणि पारगम्यता: तंतूंच्या थरातून रेझीन वाहताना

काचतंतूंचे किंवा कार्बन तंतूंचे कापड साच्यात रचून त्यात द्रव रेझीन (नंतर घट्ट होऊन तंतूंना बांधून ठेवणारा पदार्थ) भरताना सच्छिद्रता आणि पारगम्यता हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. सच्छिद्रता म्हणजे थराच्या एकूण आकारमानातील रिकाम्या जागेचा वाटा. तंतूंनी निम्मी जागा व्यापली असेल तर सच्छिद्रता ५० टक्के, आणि रेझीन किती लागेल ते यावरून कळते. त्या जागेतून ते किती सहज वाहील, हे मात्र पारगम्यतेवर ठरते. तिचे एकक चौरस मीटर आहे.

हा फरक तंतूच्या जाडीवरून स्पष्ट होतो. सच्छिद्रता आणि रचना सारखीच ठेवून तंतूचा व्यास दुप्पट केला, तर रेझीनच्या वाहण्याच्या वाटा रुंद होतात, त्यांच्या भिंतींचे क्षेत्रफळ घटते आणि पारगम्यता सुमारे चौपट होते. सुमारे ७ मायक्रॉन व्यासाच्या कार्बन तंतूंच्या थरात रेझीन शिरवणे त्याहून जाड काचतंतूंच्या थरापेक्षा अवघड जाते, त्यामागे हे मोठे कारण आहे. थर दाबल्यावरही दोन्ही राशी सारख्या प्रमाणात घटत नाहीत. सच्छिद्रतेवरून पारगम्यता काढणाऱ्या कोझेनी-कारमन सूत्रानुसार सच्छिद्रता ५० वरून ४० टक्क्यांवर आली, तर पारगम्यता जवळजवळ एक तृतीयांशावर येते. शिवाय सच्छिद्रतेला दिशा नसते, पारगम्यतेला असते. एकाच दिशेने मांडलेल्या तंतूंच्या लांबीला धरून रेझीन सहज वाहते, आडवे कष्टाने.

फ्रेंच अभियंते आँरी दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूतून झिरपणाऱ्या पाण्यासाठी मांडलेल्या, दाबातील फरकावरून प्रवाहाचा वेग सांगणाऱ्या नियमात पारगम्यता येते, पण त्यातून मिळणारा वेग थराच्या संपूर्ण छेदावर वाटलेला असतो. रेझीनची आघाडी, म्हणजे पुढे सरकणारी कड, प्रत्यक्षात किती वेगाने सरकते ते हवे असल्यास त्या वेगाला सच्छिद्रतेने भागावे लागते, आणि हा भागाकार विसरल्यामुळे साचा भरण्याच्या वेळेचा अंदाज हमखास चुकतो.

विणलेल्या कापडात आणखी एक अडचण असते: रिकामी जागा तंतूंच्या जुड्यांमध्ये असते तशी प्रत्येक जुडीच्या आतही असते, आणि आतल्या वाटा कितीतरी अरुंद असतात. आघाडी फार वेगाने सरकली, तर जुड्यांच्या आत हवा अडकते. फार सावकाश सरकली, तर केशाकर्षणाने (अरुंद वाटांत द्रव आपोआप ओढला जाण्याने) जुड्या आधी भिजतात आणि हवेचे बुडबुडे त्यांच्या मधल्या जागेत राहतात. संपूर्ण थराची सरासरी सच्छिद्रता पाहून यांतले काहीही कळत नाही.