स्त्रियांमधील संशयित हृदयविकाराचा झटका : आपत्कालीन तपासणी

छातीत दुखणे, धाप लागणे, दरदरून घाम फुटणे अशा तक्रारींनी कॅज्युअल्टीत आलेल्या स्त्रीला हृदयविकाराचा झटका आला आहे का, हे ठरवण्याची प्रक्रिया. लक्षणांची विचारपूस, ईसीजी, रक्तातील ट्रोपोनिन (हृदयस्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन) आणि गरजेनुसार अँजिओग्राफी हा क्रम पुरुषांप्रमाणेच असतो. निदान निसटते ते या तपासण्यांचा अर्थ लावताना.

झटक्यात स्त्रियांच्या छातीत दुखत नाही, हा समज खरा नाही. ५५ वर्षांपर्यंतच्या रुग्णांच्या ‘व्हर्गो’ या अमेरिकी अभ्यासात (२०१८) सुमारे ८७ टक्के स्त्रियांनी आणि ९० टक्के पुरुषांनी छातीतील त्रास सांगितला. मात्र स्त्रियांमध्ये त्याच्या जोडीला मळमळ, पोटात जळजळ, जबडा, मान किंवा पाठ दुखणे, धडधड अशी तीन किंवा अधिक लक्षणे जास्त वेळा होती. आधी डॉक्टरांकडे जाऊन आलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींना हा त्रास हृदयाचा नसल्याचे सांगितले गेले होते. पुरुषांत हे प्रमाण ३७ टक्के होते. आपल्याकडे ‘पित्त झालंय’, ‘टेन्शन घेतलंय’ म्हणून बाई घरीच थांबते, तेव्हा हाच धोका उंबऱ्याच्या आत सुरू होतो.

रुग्ण आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी काढून वाचला गेला पाहिजे. पहिला आलेख सामान्य असला तरी झटका नाकारता येत नाही. त्रास चालूच असेल तर तो पुन्हा काढतात, शंका असल्यास पाठीवर इलेक्ट्रोड लावूनही काढतात.

सर्वांत महत्त्वाचा बदल ट्रोपोनिनच्या वाचनात झाला. निरोगी स्त्रियांच्या रक्तात हे प्रथिन पुरुषांपेक्षा कमी असते, त्यामुळे दोघांना एकच मर्यादा लावली तर स्त्रियांचे झटके नजरेआड होतात. एका प्रचलित अतिसंवेदनशील चाचणीत ही मर्यादा स्त्रियांसाठी १६ आणि पुरुषांसाठी ३४ नॅनोग्रॅम प्रतिलिटर आहे. एडिनबरो येथील २०१५च्या अभ्यासात जुन्या चाचणीऐवजी ही चाचणी आणि या मर्यादा वापरल्यावर स्त्रियांमधील झटक्याच्या निदानाचे प्रमाण ११ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर गेले. पुरुषांत ते १९वरून २१वर गेले. पण निदान वाढले म्हणून उपचार वाढले नाहीत. स्कॉटलंडमधील पुढच्या मोठ्या अभ्यासात हृदयस्नायूला इजा झालेल्या स्त्रियांना पुरुषांच्या जवळपास निम्मेच उपचार मिळाल्याचे आढळले. यंत्राने आकडा दाखवूनही त्यावर पाऊल न उचलणे, ही या विषयातील सर्वांत गंभीर बाब आहे.

अँजिओग्राफीत मोठा अडथळा न दिसणे स्त्रियांमध्ये अधिक आढळते. ‘नळ्या मोकळ्या आहेत’ एवढ्यावर तपास थांबवू नये. सूक्ष्मवाहिन्यांचा विकार, वाहिनीचे अचानक आकुंचन किंवा ताकोत्सुबो विकार (बहुधा तीव्र ताणानंतर हृदयस्नायू तात्पुरता दुबळा होणे) यांचा शोध घ्यावा लागतो. त्यात इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि हृदयाचा एमआरआय उपयोगी पडतो, मात्र आकुंचन ओळखायला वेगळी तपासणी लागते. तरुण स्त्रीत, विशेषतः बाळंतपणानंतर, हृदयाच्या धमनीची भिंत आपोआप चिरली आहे का हे आवर्जून पाहावे लागते. रुग्ण स्थिर असेल तर अशा वेळी बहुधा स्टेंट टाळतात, कारण बऱ्याचदा ती चीर काही आठवड्यांत वा महिन्यांत स्वतःच भरून येते.