एमपीएची इंटर्नशिप: सह्या आधी, तास नंतर

मास्टर ऑफ पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एमपीए. प्रशासनात आधी काम न केलेल्या विद्यार्थ्यांना या पदवीसाठी अनेक विद्यापीठांत इंटर्नशिप सक्तीची असते. तिला स्वतंत्र क्रेडिट असतात आणि ती पूर्ण झाल्याशिवाय पदवी मिळत नाही. ही अट आजची नाही. न्यूयॉर्कमध्ये १९११ साली सार्वजनिक सेवेचं प्रशिक्षण देणारी शाळा निघाली, तेव्हाही विद्यार्थी महापालिकेच्या प्रत्यक्ष कारभाराचा अभ्यास करूनच शिकत. पुढे १९२४ साली ते काम सिरॅक्यूज विद्यापीठाच्या मॅक्सवेल स्कूलमध्ये गेलं.

प्रक्रिया अवघड नाही, पण तिचा क्रम चुकला तर फार महागात पडतं. मी स्वतः कार्यालयाने बोलावलं म्हणून लगेच रुजू झालो होतो आणि विद्यापीठातल्या विभागाची मंजुरी जवळपास दोन आठवड्यांनी आली. मंजुरीच्या तारखेआधीचे सगळे तास बाद झाले. काम खरं होतं, हजेरी खरी होती, पण सही नव्हती. त्या तासांची भरपाई सत्राच्या शेवटी, परीक्षेच्या धांदलीत करावी लागली. म्हणून पुढे जे लिहितो आहे, त्यात हा क्रम पुन्हा पुन्हा येईल.

पात्रता

आधी ठरावीक क्रेडिट पूर्ण झालेले असावे लागतात. साधारणपणे पहिलं वर्ष किंवा मुख्य विषयांचा मोठा भाग झाला की परवानगी मिळते. ही अट योग्यच आहे. अर्थसंकल्प आणि संशोधन पद्धती हे विषय न शिकता गेलात, तर कार्यालय तुमच्या हाती फायली लावण्यापलीकडे फारसं काही देणार नाही. गुणांची किमान सरासरीही पाहिली जाते.

तासांचा आकडा विद्यापीठ ठरवतं. बऱ्याच ठिकाणी तो ३०० असतो. आठवड्याला २० तास काम केलं तर १५ आठवडे, म्हणजे एक पूर्ण सत्र जातं. ३० तास केलं तर १० आठवड्यांत, उन्हाळ्याच्या सुट्टीत, संपतं. हा हिशेब अर्ज करण्याआधी कागदावर मांडा. आजारपण आणि कार्यालयाच्या सुट्ट्या यांसाठी एक-दोन आठवडे राखून ठेवा.

कुठे काम चालतं? सरकारी खाती, स्थानिक स्वराज्य संस्था, विधिमंडळ सदस्यांची कार्यालयं, ना-नफा संस्था, आंतरराष्ट्रीय संघटना. खासगी सल्लागार कंपनी चालू शकते, पण काम सरकारी ग्राहकाचं असल्याचं दाखवावं लागतं. पक्षाचा निवडणूक प्रचार सहसा मंजूर होत नाही. नातेवाइकाच्या देखरेखीखाली काम तर मागूच नका.

नोकरी करणाऱ्यांसाठी सूट

आधीपासून प्रशासकीय नोकरीत असलेल्यांना सूट मागता येते. नियुक्तीपत्र, कामाचं सविस्तर वर्णन आणि वरिष्ठांचं किंवा आस्थापना विभागाचं पत्र लागतं. पत्रात फक्त पदनाम आणि तारखा असतील तर अर्ज परत येण्याची शक्यता मोठी. किती माणसांवर देखरेख केली, कोणता निधी हाताळला, कोणते निर्णय घेतले, हे त्यात यायला हवं. अनुभव किती वर्षांचा हे जेवढं पाहतात, तेवढंच तो कोणत्या पातळीवरचा हेही पाहतात.

इथे एक गोष्ट नीट विचारून घ्या: सूट तासांची आहे की क्रेडिटची? काही ठिकाणी इंटर्नशिप माफ होते, पण तेवढ्या क्रेडिटचा दुसरा विषय घ्यावा लागतो. हे शेवटच्या सत्रात कळलं, तर पदवी एक सत्र पुढे ढकलली जाते.

सूट मिळाली नाही, तर आपल्याच कार्यालयात इंटर्नशिप करता येते का? अनेकदा येते, पण विभाग वेगळा, काम नवं आणि देखरेख करणारा अधिकारी दुसरा हवा.

कागदपत्रं

रेझ्युमे, कव्हर लेटर, विद्यार्थी असल्याचं बोनाफाइड आणि गुणपत्रक यांवर वेळ घालवत नाही. ती सगळ्यांना ठाऊक आहेत. कार्यालयाकडून नेमणुकीचं पत्र घ्या. त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास, मानधन आहे की नाही आणि पर्यवेक्षकाचं पदनाम स्पष्ट असावं. चारित्र्य पडताळणी आणि गोपनीयतेचं हमीपत्र बऱ्याच सरकारी कार्यालयांत लागतं. पडताळणीला आठवडे लागू शकतात, तेव्हा ती सगळ्यात आधी सुरू करा.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे लर्निंग अ‍ॅग्रीमेंट: विद्यार्थी, कार्यालयातला पर्यवेक्षक आणि मार्गदर्शक प्राध्यापक या तिघांच्या सह्यांचा करार. तुम्ही काय शिकणार, त्यासाठी कोणतं काम करणार आणि शेवटी हातात काय देणार, हे त्यात लिहायचं असतं. बहुतेक जण तो दहा मिनिटांत भरतात. माझं मत विचाराल तर त्यावर आठवडा घालवा, कारण पुढे कंटाळवाणी कामं अंगावर येऊ लागली की हाच कागद दाखवून सभ्यपणे बोलता येतं.

“अर्थसंकल्पाची प्रक्रिया समजून घेणे” हे उद्दिष्ट म्हणून निरुपयोगी आहे. ते पूर्ण झालं की नाही हे कोण सांगणार? त्याऐवजी असं लिहा: “पाणीपुरवठा विभागाच्या गेल्या तीन वर्षांतल्या तरतुदी आणि प्रत्यक्ष खर्च यांची तुलना करून विभागप्रमुखांना चार पानी टिपण देणे.” यात काम आहे, मर्यादा आहे आणि वाचणारा माणूसही आहे. अशी तीन-चार उद्दिष्टं पुरेत.

उद्दिष्टं सुचत नसतील तर एनएएसपीएए या सार्वजनिक प्रशासनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या पाच क्षमता समोर ठेवा: लोकहितासाठी नेतृत्व आणि व्यवस्थापन करणं, धोरणप्रक्रियेत सहभागी होणं, पुराव्यांच्या आधारे विश्लेषण करून निर्णय घेणं, लोकसेवेची दृष्टी मांडणं आणि ती कामात उतरवणं, आणि वैविध्य असलेल्या, बदलत्या समाजाशी व सहकाऱ्यांशी नीट संवाद साधणं. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम याच क्षमतांभोवती बांधलेले असतात, त्यामुळे प्राध्यापकांनाही ही भाषा ओळखीची असते.

परदेशात शिकणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं

अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल, तर कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपसाठी सहसा सीपीटी (करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंग), म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी, घ्यावी लागते. काम अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग असावं लागतं आणि साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष आधी झालेलं असावं लागतं. परवानगी विद्यापीठाचा नियुक्त अधिकारी आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेल्या प्रमाणपत्रावर, नोंदवतो. ती त्याच संस्थेपुरती आणि त्याच तारखांपुरती असते. तारखेआधी एक दिवस काम केलं तरी व्हिसाच्या अटींचा भंग होतो. इथे बाद होतात ते नुसते तास नव्हेत. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा त्याहून जास्त झाली, तर त्याच पातळीवरची ओपीटी (ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग), म्हणजे सहसा पदवीनंतर आपल्या विषयात काम करण्याची परवानगी, मिळत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप २ ते ६ महिन्यांची असते आणि तिला मानधन नाही. प्रवास, राहणं, विमा सगळं आपल्या खर्चाने. पदव्युत्तर शिक्षण घेणारे, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेले किंवा पदवी मिळून एक वर्षाच्या आत असलेले अर्ज करू शकतात. तिथल्या कर्मचाऱ्यांची मुलं आणि भावंडं करू शकत नाहीत. नाव मोठं आहे, पण खर्चाचा हिशेब झेपतो का हे अर्जाआधीच पाहा.

काम चालू असताना आणि शेवटी

तासांची नोंद रोज करा आणि दर आठवड्याला पर्यवेक्षकाची सही घ्या. सत्र संपताना सगळ्या सह्या एकदम घ्यायला जाल, तेव्हा नेमकी त्या अधिकाऱ्याची बदली झालेली असते. मध्यावर पर्यवेक्षकाचं मूल्यमापन होतं. काम बदललं असेल, तर करारात त्याच वेळी लेखी दुरुस्ती करून घ्या.

शेवटी सहीचं टाइमशीट, पर्यवेक्षकाचा अंतिम अभिप्राय, केलेल्या कामाचा नमुना आणि अहवाल द्यायचा असतो. अहवाल म्हणजे रोजनिशी नव्हे. वर्गात शिकलेली एखादी संकल्पना कार्यालयात कुठे जुळली आणि कुठे तुटली, हे त्यात दिसावं. नियम एकच असताना खिडकीवरचा कर्मचारी दोन अर्जदारांना वेगळी वागणूक का देतो, किंवा नवा अर्थसंकल्प बहुधा जुन्या आकड्यांत थोडी भर घालूनच का तयार होतो, असा एकच प्रश्न धरून सात-आठ पानं चांगली लिहिता येतात. नमुना जोडताना नागरिकांची नावं आणि ओळख पटेल असा तपशील काढा आणि कार्यालयाची लेखी संमती घ्या.

तास अपुरे राहिले तर बऱ्याच विद्यापीठांत ‘अपूर्ण’ असा शेरा मागता येतो. त्यासाठीचा अर्ज सत्र संपण्याआधीच द्यावा लागतो, आणि त्यावरही मार्गदर्शक प्राध्यापकांची सही लागते.