अल्पकाळाची खासदारकी (खान्देश)

पूर्ण टर्म मिळालीच नाही किंवा एका टर्ममधेच आटोपली, अशा खासदारकीला इथे अल्पकाळाची खासदारकी म्हटलंय. खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, असे खासदार बरेच झाले. त्यात धंद्यातून आलेल्या माणसाची गोष्ट जरा वेगळी, कारण त्याची ओळख आधीपासूनच सोन्याची पेढी, जिनिंग, दालमिल किंवा केळी व्यापाऱ्यांचा ग्रुप ही असते, दिल्ली सुटली तरी दुसऱ्या दिवशी गादीवर बसायला जागा असते.

कागदावर लोकसभा ५ वर्षांची आणि राज्यसभेची टर्म ६ वर्षांची. पण लोकसभा मधेच विसर्जित झाली की सगळे घरी. १२ वी लोकसभा मार्च १९९८ मधे आली, १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार एका मताने पडलं आणि २६ एप्रिलला सभागृहच बरखास्त झालं, तेव्हा जळगावहून काँग्रेसचे डॉ. उल्हास पाटील निवडून गेले होते, त्यांच्या वाट्याला जेमतेम १३ महिने आले. (ते डॉक्टर, व्यापारी नव्हेत, पण १३ महिन्यांचा खासदार म्हटलं की जळगावात आधी त्यांचंच नाव निघतं.)

दुसरं कारण पोटनिवडणूक. जागा रिकामी झाली की ६ महिन्यांत निवडणूक घ्यायची असा लोकप्रतिनिधित्व कायद्याचा नियम आहे, फक्त टर्म संपायला वर्षापेक्षा कमी राहिलं असेल तर घेत नाहीत. निवडून आलेल्याला उरलेला काळच मिळतो, नवी ५ वर्षं नाही. राज्यसभेतही तसंच, मधे रिकामी झालेली जागा म्हणजे दुसऱ्याच्या टर्मचं शेपूट.

खान्देशातलं याचं सगळ्यात मोठं उदाहरण २००५ चं. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात संसदेने ११ खासदारांना काढलं, त्यातले लोकसभेचे १०, आणि त्या दहात दोन एकट्या जळगाव जिल्ह्यातले, जळगावचे वाय. जी. महाजन आणि एरंडोलचे एम. के. अण्णा पाटील. म्हणजे जिल्ह्याच्या दोन्ही जागा एकाच दिवशी खाली! तारीख २३ डिसेंबर. गंमत अशी की खासदार निधीची योजनाही २३ डिसेंबरलाच सुरू झालेली, १९९३ साली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, जानेवारी २००७ मधे कोर्टाने हकालपट्टी कायम ठेवली, आणि त्याच वर्षी पोटनिवडणुका होऊन जळगावात भाजपचे हरिभाऊ जावळे आणि एरंडोलात राष्ट्रवादीचे वसंतराव मोरे आले.

आता व्यापाऱ्याचा रस्ता. तो सहसा थेट लोकसभेला उभा राहत नाही, उन्हातान्हात गावोगाव हिंडायचं आणि जातीची गणितं बसवायची हे गादीवरच्या माणसाला परवडत नाही (वेळेच्या हिशोबाने म्हणतोय, पैशाच्या नाही). आधी बाजार समिती, मग जिल्हा बँक, एखादी शिक्षण संस्था, पक्षाची तिजोरी, आणि तिथून विधानसभा नाहीतर राज्यसभा. राज्यसभेला आमदार मत देतात, त्यामुळे पक्षाने नाव दिलं आणि आकडे जुळले की काम झालं. जळगावच्या सराफी घराण्यातले ईश्वरलाल जैन राष्ट्रवादीकडून २०१० ते २०१६ राज्यसभेत होते, ते याच वाटेचं ठळक उदाहरण. त्यांना ६ वर्षं पूर्ण मिळाली, पण टर्म एकच.

धंदेवाल्याला लोकप्रतिनिधित्व कायद्याची एक खास अट लागते, कलम ९-अ. केंद्र सरकारला माल पुरवायचं किंवा सरकारी काम करायचं कंत्राट धंद्यात चालू असेल तर तो खासदारकीला अपात्र. मात्र माल पोचवून झालाय, काम पूर्ण झालंय आणि सरकारकडून फक्त बिल यायचं राहिलंय, तर ते कंत्राट चालू धरत नाहीत. आडतीत ज्याने उधारी वसूल केलीय त्याला यातली मेख लगेच कळेल. शिवाय शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत मालमत्ता आणि देणी सभागृहाला सांगावी लागतात, आणि राज्यसभेत कोणत्या कंपनीत पगारी डायरेक्टर आहे, कुठे कंट्रोल करण्याइतके शेअर आहेत हेही रजिस्टरमधे लिहून द्यावं लागतं.

तसा खान्देशचा व्यापारी दिल्लीला बुजत नाही. सावदा-रावेरची केळी रेल्वेच्या वॅगनने दिल्लीला जायची ही जुनी गोष्ट, तिथल्या मार्केटमधे ओळखी खासदारकीच्या आधीपासून असतात. म्हणून अशा खासदाराकडे लोकांचं काम बहुतेक वेळा रेल्वेचंच, गाडीला थांबा द्या, वॅगन वाढवा, रिझर्वेशनला पत्र द्या.

थोड्या काळात हाताला लागतो तो खासदार निधी, २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी (२००७ ला २ कोटीच होता). पैसे खासदाराच्या खिशात येत नाहीत, तो काम सुचवतो, मंजुरी कलेक्टर कचेरीतून. लोकसभेचा खासदार आपल्या मतदारसंघात, राज्यसभेचा राज्यात कुठेही. आमच्या फाट्यावरच्या एसटीच्या शेडवर निळ्या ऑइलपेंटने खासदाराचं नाव लिहिलेलं होतं, नंतर त्यावर दुसऱ्याचं नाव आलं, पण पावसाळ्यात वरचा रंग सुटतो आणि खालचं नाव परत वाचता येतं. पत्रे मात्र दोघांच्याही काळात गळत होते.

पद गेल्यावर पेन्शन राहते, महिना ३१,००० रुपये (१ एप्रिल २०२३ पासून), आणि त्याला किमान किती दिवस खासदार असावं अशी अट नाही. पेढीवाल्याला त्या रकमेचं काय कौतुक, पण लग्नपत्रिकेत ‘माजी खासदार’ छापून येतं ते आयुष्यभर. ‘भाऊ खासदार व्हयना’ (भाऊ खासदार झाला) असं गावात एकदा पसरलं की माजी झाल्यावरही लोक ‘खासदारसाहेब’च म्हणतात, टर्म किती होती हे कोणी विचारत नाही.

एरंडोलचं तर त्याहून पुढचं झालं. २००८ च्या फेररचनेत एरंडोल हा लोकसभा मतदारसंघच गेला आणि जिल्ह्यात जळगाव आणि रावेर अशा दोन जागा राहिल्या. म्हणजे २००७ ला निवडून आलेल्या खासदाराची टर्म २००९ ला संपली तेव्हा परत लढायला त्या नावाची जागाच नव्हती, एरंडोल आता फक्त विधानसभेला आहे.